सात माणसं, दोन घरं

त्या शुक्रवारी मी बुदैयाला दत्तप्रसादकडे जेवायला गेले ती भांडायच्या तयारीनंच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी ‘बाई उगाच चिडली’ म्हणायला नको. मी उगाच चिडत नाही. कॅनडात बारा दिवस तोंड दाबून धरलं, बहरीनला आल्यावर पाच आठवडे वाट पाहिली आणि मग ठरवून, रीतसर चिडले.

कारण एका दमात सांगता येतं. जुलैत आम्ही दोन कुटुंबं मिळून क्वेबेकला गेलो, एकाच गाडीतून सात माणसं फिरलो आणि दर मुक्कामाला आमच्यासाठी वेगळं घर घेतलेलं होतं. माँट्रियलला वेगळं, क्वेबेक शहरात वेगळं, सागेनेला, तादुसाकला, पेर्सेला वेगळं. दिवसभर मांडीला मांडी लावून बसायचं आणि संध्याकाळ झाली की आमच्या बॅगा दुसऱ्या दारात. असं का, हे मला दत्तप्रसादच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि चारचौघांत ऐकायचं होतं.

दत्तप्रसाद पुण्याचा. इथे बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. बायको सुनीता, मुलगा अथर्व आणि आई, जिला सगळे माई म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला आमची ओळख झाली. आम्ही अकोल्याकडचे. माझा नवरा रामजी अस्करच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात टेक्निशियन आहे, पॉटरूममध्ये, म्हणजे जिथे धातू रटरटत असतो तिथे. मी मीना सलमानला एका गोदामाच्या ऑफिसात मालाची कागदपत्रं बघते. मुलगी संघप्रिया सोळा वर्षांची; तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर मात्र इंग्रजीत येतं. आमच्या रिफ्फाच्या फ्लॅटमध्ये सकाळी बुद्धवंदना होते आणि दार उघडलं की समोर बाबासाहेबांची तसबीर दिसते. दत्तप्रसाद अकरा वर्षांत आमच्याकडे दोनदा आला. दोन्ही वेळा दारातूनच परत गेला, घाईत होता म्हणे.

आता हा क्वेबेकचा बेत कुणाचा? रामजीचा. शंभर टक्के त्याचा. पंधरा वर्षांपूर्वी कारखान्यात ट्रेंब्ले नावाचा एक फ्रेंच बोलणारा कॅनेडियन ट्रेनर आला होता, सागेने नदीकाठचा. तो दुपारी रामजीच्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि ठेचा खायचा, नाकाडोळ्यांतून पाणी काढायचा आणि आपल्या गावाबद्दल सांगायचा. तिकडेही अस्करसारखीच अ‍ॅल्युमिनियमवर जगणारी गावं आहेत. तिथली नदी सरळ उभ्या डोंगरांच्या मधून समुद्राला जाते आणि तिच्या तोंडाशी पांढरे देवमासे येतात. नदीवर एक अख्खा पूल अ‍ॅल्युमिनियमचा आहे. रामजीनं ते ऐकलं आणि त्याच्या डोक्यात ते जाऊन बसलं ते बसलंच. बहरीन केवढं, तर तासाभरात रस्ता संपतो आणि पुढे समुद्र लागतो. हा बाबा सुट्टीच्या दिवशी आम्हांला गाडीत घालून रिफ्फाहून जल्लाक, तिथून बुदैया, मनामा आणि परत रिफ्फा अशा फेऱ्या मारायचा आणि म्हणायचा, “पाह्य, अशा दोन फेऱ्या केल्या तरी माँट्रियल ते क्वेबेक पुरं होत नाही.” दोन वर्षं वहीत टाचणं काढून त्यानं रस्ता आखला. फ्रेंच पाट्या पाठ केल्या. तिकडे ‘स्टॉप’च्या पाटीवर ‘आरे’ लिहिलेलं असतं हे आमच्या घरात मांजरालाही माहीत झालं असतं, मांजर असतं तर.

मग दत्तप्रसाद म्हणाला, “रामजीभाऊ, आम्हीही येतो की.” रामजी हरखून गेला. दत्तप्रसादनं बुकिंगं आपल्याकडे घेतली आणि गाडी चालवायचं रामजीवर सोडलं. स्वतः इंटरनॅशनल लायसन्स काढलंच नाही. म्हणाला, “तुम्ही असताना मला कशाला?” बारा दिवस, जवळजवळ तीन हजार किलोमीटर माझ्या नवऱ्यानं एकट्यानं गाडी हाकली. ह्याला मी मैत्री समजून गप्प बसले असते. पण वेगळ्या घरांचं मला गिळवेना.

बुदैयाला जाताना गाडीत रामजी म्हणाला, “आज काही बोलू नको बापा. जेवू, फोटो पाहू, घरी येऊ.”

“तू म्हणला होतास ना, बहरीनले गेल्यावर काय बोलायचं ते बोल?”

“म्हणलो होतो.”

“मग? आलो ना बहरीनले?”

मागे संघप्रियाच्या कानात इअरफोन होते.

दत्तप्रसादच्या व्हिलात पंधराएक माणसं जमली होती. मंडळातली तीन-चार जोडपी आणि शेजारच्या आबिदाबाई, भोपाळच्या, शाळेत शिकवतात. बाहेर ऑगस्टचं ऊन मी म्हणत होतं आणि आत एसी इतका जोरात की माईंनी शाल पांघरली होती. जेवणं झाली. हे लोक पानं वाढतात तेव्हा काही जाणवत नाही हो. सुनीताताईंनी मला आग्रह करून दोनदा मसालेभात वाढला. ह्यांचं आम्हांला वाढणं चालतं. आम्ही ह्यांना वाढलेलं चालत नाही. हे कळायला मला अकरा वर्षं लागली, ह्याचा राग मला माझाच येतो.

मग भिंतीएवढ्या टीव्हीवर फोटो सुरू झाले. दत्तप्रसाद रिमोट घेऊन उभा राहिला आणि क्वेबेक आपणच शोधून काढल्याच्या थाटात बोलू लागला.

पहिला फोटो माँट्रियलचा. जुन्या गावातल्या त्या थोरल्या चर्चसमोर दत्तप्रसाद, सुनीता, माई, अथर्व. आम्ही नाही, कारण फोटो रामजीनं काढला होता. पुढचा फोटो बंदरावरचा, त्यातही तसंच. तिसऱ्यात रामजीची सावली तेवढी आली होती. माँट्रियलला पहिल्यांदा दोन घरं दिसली तेव्हा मला काही वाटलं नाही. मोठं घर मिळालं नसेल म्हटलं. दोन्ही एकाच गल्लीत होती.

मग क्वेबेक. शहराला अजून दगडी तट आहे, तटावर तोफा आहेत, वरच्या गावातून खालच्या गावात उतरायला लाकडी जिने आहेत आणि हिरव्या छपराचं ते प्रचंड हॉटेल कुठूनही दिसतं. माईंचे गुडघे दुखतात. त्या सगळ्या चढ-उतारावर माईंनी रामजीचा दंड धरला होता. पोटच्या मुलाचा नाही, रामजीचा, कारण तो सावकाश चालतो. टीव्हीवर तो फोटो आला तेव्हा सगळे ‘वा वा’ म्हणाले. त्याच संध्याकाळी माई त्यांच्या घरी गेल्या आणि आम्ही तीन गल्ल्या पलीकडे आमच्या घरी. मी सुनीताताईंना विचारलं होतं, “मोठं एकच घर नव्हतं का?” त्या म्हणाल्या, “माईंना शांतता लागते हो.” संघप्रियानं बापाला विचारलं, तर त्यानं सांगितलं, “मी घोरतो ना बेटा, म्हणून.” रामजी घोरत नाही. एकोणीस वर्षं त्याच्या शेजारी झोपते मी, मला विचारा.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मला वाटलं, ह्या लोकांनी आपल्याला बाजूला काढलंय आणि हा भला माणूस त्यांच्यावर पांघरूण घालतोय.

ह्यावर कुणी म्हणेल, शाकाहाराचा प्रश्न असेल. असूच शकतो, म्हणून आधीच सांगते. माई चोख शाकाहारी आहेत हे मला माहीत होतं, म्हणून मी बहरीनहून सुकटीची चिमूटसुद्धा नेली नव्हती. बारा दिवस माझ्या स्वयंपाकघरात अंडं फुटलं नाही. पण पेर्सेला, जिथे समुद्रात भोक पडलेला तो भला थोरला खडक उभा आहे, दत्तप्रसादला लॉबस्टर खायची हुक्की आली. घेऊन आला जिवंत, चांगले चार. आणि शिजवले कुठे? आमच्या घरी. “माईंच्या ओट्यावर नको, तुमच्याकडे काय, चालतं,” म्हणाला. बापलेक माझ्या टेबलाशी बसून बोटं चाटत खाऊन गेले, तोंड धुतलं आणि आपल्या स्वच्छ घरी निघून गेले. भांडी मी घासली. आमच्या घरात त्याचा लॉबस्टर राहू शकतो आणि त्याच्या घरात आम्ही राहू शकत नाही. त्या वेळी मी तवा फेकून मारला नाही ह्याचं कारण फक्त रामजी.

कारण त्याआधी सागेनेला मी त्याला त्या पुलावर पाहिलं होतं. तो फोटोही आता टीव्हीवर आला, चुकून आला असावा. रामजी अ‍ॅल्युमिनियमच्या कठड्यावर दोन्ही तळवे टेकवून उभा आहे. मी तिथेच होते. तो कठडा चाचपत होता, जोडाच्या जागा बघत होता आणि एकटाच हसत होता. बावीस वर्षं ज्या धातूच्या वाफेत घाम गाळला त्याचा एवढा मोठा पूल, आणि खालून ती थंड काळी नदी. तिथेच मी म्हटलं होतं, “रामजी, मी आज त्या माणसाले विचारते.” तो म्हणाला होता, “आता नको. मले नदी पाहू दे. बहरीनले गेल्यावर काय बोलायचं ते बोल.” मी थांबले. पुढे तादुसाकला नदीच्या तोंडाशी पांढरे देवमासे पाठ दाखवून गेले, फेरीबोटीतून आम्ही पलीकडे गेलो, मग पेर्सेकडे नेणारा गास्पेचा तो रस्ता लागला, एका हाताला कडा आणि एका हाताला समुद्र, तासन्‌तास माणूस नाही. मी सगळं बघितलं आणि कशाचीच धड मजा घेतली नाही, हे खरं आहे. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर रस्ता मी दातओठ खात पार केला. त्याचाही हिशेब दत्तप्रसादनं द्यायला हवा होता.

दत्तप्रसादला घरांचे फोटो काढायची हौस. प्रत्येक गावात तो सांगत होता, “हे आमचं कॉटेज, आणि ते मागचं रामजींचं.” तादुसाकचं झालं, पेर्सेचं झालं. मी पदर सावरून, घसा साफ करून बोलणार, एवढ्यात आबिदाबाईंनी विचारलं, “भाईसाहब, हर जगह दो-दो घर? सात लोग तो एक में आ जाते.”

त्यांच्या मनात काही नव्हतं. साधा प्रश्न होता.

दत्तप्रसाद हसला. “वो रामजी का आयडिया था.” मग बाकीच्यांकडे वळून मराठीत, अगदी कौतुकानं, “खरंच सांगतो, फेब्रुवारीत बुकिंग करायला बसलो, तर हेच म्हणाले, दत्ताभाऊ, सगळीकडे दोन घरं बघा. आम्हांला काही बोलावंच लागलं नाही. इतका समजूतदार माणूस मी पाहिला नाही.”

माईंनी शालीतून मान हलवली. “समजूतदार आहेत खरे.”

मी रामजीकडे पाहिलं. तो समोरच्या वाटीकडे बघत होता. वाटी रिकामी होती.

पाच आठवडे मी ज्याच्यासाठी शब्द जुळवत होते त्या रामजीनंच हे केलं होतं. त्यानंच आमच्या बॅगा दुसऱ्या दारात नेल्या होत्या. मला वाटलं आता काय बोलायचं, कुणाला बोलायचं? पण दत्तप्रसादचं ते मधलं वाक्य कानात अडकलं होतं, आणि माझी जीभ माझ्या आधी सुटली.

“काय बोलावं लागलं नाही, दत्ताभाऊ?”

“अं?”

“तुम्ही म्हणालात ना, आम्हांला काही बोलावंच लागलं नाही. रामजी काही म्हणाले नसते, तर तुम्ही काय बोलणार होतात?”

“अहो, तसं नाही, म्हणजे स्वयंपाकाचं वगैरे, माईंचं जुनं वळण…”

“वळण म्हणजे?”

“ज्योत्स्नाताई, गैरसमज करून घेऊ नका,” सुनीताताई म्हणाल्या.

“समज तरी नीट करून द्या की. वाक्य पुरं करा. ‘रामजीभाऊ, आपण एका घरात राहायला नको, कारण…’ पुढे काय?”

मंडळाच्या अध्यक्षांची बायको बडीशेप निवडायला लागली. दत्तप्रसादनं रिमोटचं बटण दाबलं आणि पडद्यावर खडकाऐवजी पक्षी आले, हजारो पांढरे पक्षी. “हे गॅनेट,” तो म्हणाला.

रामजी उठला. “ज्योत्स्ना, चाल.” आम्ही निघालो. सुनीताताई दारापर्यंत खीर खाऊन जा, खीर खाऊन जा म्हणत आल्या.

बुदैयाच्या रस्त्याला लागलो आणि माझा बांध फुटला. “तू सांगतलं? तू? काहून?”

तो गाडी चालवत राहिला.

“बारा दिवस मी त्यायले शिव्या घातल्या मनात. त्या म्हातारीच्या गुडघ्यालेही घातल्या. अन्‌ तू फेब्रुवारीतच आपल्याले बाहेर काढून बसला होता! आपल्या पोरीले सांगतलं मी घोरतो. लाज नाही वाटली?”

“वाटली,” रामजी म्हणाला. त्यानं गाडी एका कोल्ड स्टोअरसमोर, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानासमोर, बाजूला घेतली आणि इंजिन चालूच ठेवलं, एसीसाठी. मग स्टिअरिंगकडे बघत बोलायला लागला. हे त्यानं मला एकोणीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी तो इथे आला तेव्हा मनाम्यात सहा मराठी पोरांच्या बॅचलर फ्लॅटमध्ये राहिला. स्वयंपाकाच्या पाळ्या लावलेल्या असायच्या, रोज एकाचा टर्न. तीन आठवडे रामजीच्या हातचं सगळ्यांनी खाल्लं, वरण मागून मागून खाल्लं. आडनाव ऐकून त्यांना काही कळलं नव्हतं. मग चौदा एप्रिलला ह्यानं शिफ्ट बदलून मागितली. त्या दिवशी त्या पाच जणांनी त्याला खाली बसवलं. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. एक जण म्हणाला, “रामजी, तू वाईट वाटून घेऊ नको. पण उद्यापासून स्वयंपाकाचा टर्न तू घेऊ नकोस. भांडी मात्र घासत जा.”

“ते वाक्य,” रामजी म्हणाला, “ते मले पुन्हा कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मग मी ठरवलं, कोणी म्हणायच्या आत आपणच बाजूले व्हायचं. आपण म्हणलं की कोणाले म्हणावं लागत नाही.”

मी ऐकत होते आणि एकेक गोष्ट उलगडत होती. मंडळाच्या पिकनिकला प्रत्येक घरानं एक पदार्थ करून आणायचा असतो. अकरा वर्षं आमच्या घराच्या नावावर काय? थंड पेयं, बर्फ आणि कागदी प्लेटा. रामजी दर वर्षी सगळ्यांच्या आधी हात वर करायचा, “कोल्ड ड्रिंक आमच्याकडे.” मला वाटायचं, हा मला स्वयंपाकाचा त्रास नको म्हणून करतो. मी त्याचं कौतुक केलं होतं. माझ्या हातच्या पुरणपोळ्या ह्या बेटावर कुणी खाल्ल्या नाहीत, कारण माझ्या नवऱ्यानं त्या कुणासमोर जाऊच दिल्या नाहीत.

मला त्याचा राग आला, फार आला, आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही एकदम. पण जास्त राग त्या माणसांचा आला, ज्यांना ह्याच्या भीतीची इतकी छान सवय झाली होती की ते तिला समजूतदारपणा म्हणत होते.

“बाबा,” मागून संघप्रिया म्हणाली. तिच्या कानातले इअरफोन कधी निघाले होते कोण जाणे. “आय डू दॅट टू.”

“काय?”

ऑक्टोबरात तिच्या शाळेची सहल आहे, जॉर्डनला. एका खोलीत चार-चार मुली. कश्मिरा तिची जिवाभावाची मैत्रीण. तिनं विचारलं होतं, माझ्या खोलीत येतेस का. कश्मिराच्या आईनं मागे एकदा संघप्रियाला विचारलं होतं की तुमच्या घरी देव कोणते. तेवढं तिला पुरलं. कश्मिराच्या घरून कुणी काही म्हणायच्या आत हिनंच नाही म्हणून टाकलं. शिक्षिकेला सांगितलं, मी झोपेत चालते, मला एकटीला खोली द्या.

“इट्स ईझिअर, बाबा,” ती म्हणाली. “नोबडी हॅज टू से एनीथिंग.”

अगदी शांतपणे म्हणाली. तिला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बापाला बघून बघून आपोआप आलं होतं.

रामजीनं आरशात तिच्याकडे पाहिलं. मी त्याला इतक्या वर्षांत कारखान्यातून भाजून आलेला पाहिलाय, बाप गेल्याचा फोन घेताना पाहिलाय. असा चेहरा पाहिला नव्हता. त्यानं गिअर टाकला, पुढच्या सिग्नलला यू-टर्न घेतला आणि गाडी परत व्हिलाच्या दिशेनं निघाली.

“कुठं चाललो?” मी विचारलं.

“ऐकायले,” तो म्हणाला.

दार सुनीताताईंनी उघडलं. त्यांना वाटलं आम्ही काही विसरलो. फोटो संपले होते, सगळे चहा घेत होते. रामजी दिवाणखान्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला, एका बाजूला मी, एका बाजूला संघप्रिया. तिचा हात त्यानं धरला होता.

“दत्ताभाऊ,” तो म्हणाला, “मघाशी तुमचं वाक्य अर्धं राहिलं. ते ऐकायला आलोय.”

“अहो रामजीभाऊ, बसा तर. चहा घ्या. तो विषय आता कशाला?”

“बसत नाही. मी दोन घरं म्हणालो नसतो, तर तुम्ही काय म्हणाला असता? पोरीसमोर सांगा.”

दत्तप्रसाद बायकोकडे बघायला लागला, बायको अथर्वकडे, अथर्व फोनकडे. आबिदाबाईंनी कप खाली ठेवला. एवढा बँकेतला माणूस, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात माइक न सोडणारा, आणि त्याला एक वाक्य होईना. मला त्याची कीव आली नाही. यायला हवी होती असं अजूनही वाटत नाही.

शेवटी माईच बोलल्या. शाल नीट केली आणि कसलाही आडपडदा न ठेवता म्हणाल्या, “तुम्ही माणूस चांगले आहात. पण तुमच्या हातचं, तुमच्या स्वयंपाकघरातलं मला चालत नाही. आमच्यात तसं नाही चालत. आता ह्या वयात खोटं कशाला बोलू?”

“आई!” दत्तप्रसाद ओरडला, जसं काही तिनंच सगळं बिघडवलं.

मी रामजीच्या चेहऱ्याकडे बघायला घाबरत होते. बावीस वर्षं तो ज्याच्यापासून पळाला ते त्याच्यासमोर, भरल्या खोलीत, पोरीच्या देखत बोललं गेलं होतं. तो पडला नाही. त्यानं संघप्रियाचा हात सोडला नाही.

“ऐकलं,” तो म्हणाला. “माई, तुम्ही निदान बोललात. दत्ताभाऊ, आता माझं ऐका. मी समजूतदार नाही. मी भीत होतो. तुम्हांला जे बोलायची लाज वाटते ते मी तुमच्या आधी बोलून टाकत होतो. बावीस वर्षं हे तुमचं काम मी केलं. माझ्या पोरीनंही करायला घेतलं. आजपासून ते आम्ही करणार नाही. ज्याला आम्ही नको असू, त्यानं आमच्या तोंडावर सांगायचं, स्वतःच्या तोंडानं, आणि आमच्याकडे बघून.”

एवढं बोलून तो थांबला आणि दत्तप्रसादकडे बघत राहिला. आम्ही तिघंही बघत राहिलो. दत्तप्रसादनं मान वर केली नाही.